काचेतलं बोट

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. अठ्ठावीस वर्षं मी दहावीच्या पोरांना वर्गसमीकरणं शिकवतोय. ज्यानं एवढं सोसलंय त्याला भुतं आणखी काय घाबरवणार? तरीसुद्धा यंदाच्या जानेवारीपासून माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीला, नुसतं टेबलावर टेकलं तरी, डावीकडे ओढल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, मानेची शीर असेल. असेलही. पण ती ओढ कुठून आली ते मला माहीत आहे, आणि एकदा लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी दिवाकर उरकुडे. दारव्ह्यापासून बारा किलोमीटरवरच्या एका गावात गणिताचा मास्तर. तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत आलेखपाट्या आल्या. त्याआधी जिल्ह्याच्या गावी दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. प्रशिक्षण म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको: सकाळी पोहे, दुपारी डुलक्या, संध्याकाळी ग्रुप फोटो. मी नाक मुरडतच गेलो होतो. आजवर सरकारनं पाठवलेल्या प्रत्येक यंत्रानं आमच्या शाळेत शेवटी कपाटाचीच शोभा वाढवली होती. ही पाटी हातात आली आणि मी गप्प झालो.

पाटीवर समीकरण लिहायचं, की खाली त्याचा आलेख उमटतो. समीकरणातल्या प्रत्येक संख्येला एक स्लायडर. तो बोटानं सरकवला की संख्या बदलते आणि डोळ्यांदेखत रेषा उभी होते, आडवी होते, वर चढते. इथवर नवीन काही नाही, एवढं मोबाइलवरही व्हायचं. नवी होती ती काच. काचेत एक पातळ थर होता. त्याला अगदी सौम्य विद्युतभार दिला की तो बोटाच्या कातडीला किंचित धरून ठेवतो. भार कमीजास्त केला की तीच गुळगुळीत काच घटकेत खरखरीत लागते, घटकेत तेलकट. चढ जितका उभा तितकं बोट जड जातं, उतारावर आपसूक घरंगळतं. चढ म्हणजे काय, हे मी वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत आलो होतो. आता ते पोरांच्या बोटालाच लागत होतं. पहिल्याच दिवशी एकजण ओरडला, “सर, हे रेषा तं घाटावानी लागते!” मी त्याला खाली बसवलं, पण मनातून मलाच नाचावंसं वाटत होतं.

या शालेय वर्षी, जूनमध्ये, पाटीत बाकसोबती आला. शिकणाऱ्यापेक्षा शिकवणाऱ्याला जास्त कळतं, हे कुठल्याही मास्तरला विचारा. त्याच गोष्टीचं कंपनीनं यंत्र केलं. प्रत्येक मुलाच्या पाटीत, त्याच्यापेक्षा जरा कच्चा, असा एक सोबती. त्याला चेहरा नाही, आवाज नाही. नुसतं एक बोट. प्रश्न आला की सोबती स्लायडर सरकवतो आणि बहुधा चुकतो. आपण त्याच स्लायडरवर बोट ठेवलं की काचेतून त्याची ओढ जाणवते. मग त्याला धरून बरोबर जागी न्यायचं आणि असं का, ते पाटीवर लिहायचं. असं करत सोबती शिकतो. एका प्रकारचा प्रश्न त्यानं ओळीनं पाच वेळा स्वतःहून बरोबर सोडवला की पाटीवर ‘अभ्यास पूर्ण’ अशी अक्षरं येतात, तो सोबती कायमचा पुसला जातो आणि पुढच्या पाठाला नवा येतो.

हे सोबती बनतात पोरांच्याच बोटांवरून. बोट कुठं थांबलं, किती वेगानं गेलं, किती पुढे जाऊन मागे आलं, हे पाटी सेकंदाला दोनशे वेळा टिपते. अक्षराला जसं वळण असतं तसं बोटालाही असतं, आणि वळण म्हटलं की त्याचं समीकरण मांडता येतं. कंपनीकडून वीसपंचवीस तयार सोबती आले होते, हजारो पोरांची वळणं एकत्र घोटून केलेले. त्यात कुणी एक ओळखू येणं शक्यच नाही, असं प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं.

दिवाळी झाली, नाताळ झाला. वर्ग आठव्यानवव्या पाठावर पोचला आणि पलक झाडे तिसऱ्याच पाठावर अडून बसली होती.

पलक हुशार पोरगी. नववीत गणितात वर्गात दुसरी. तिच्या आईची, शीतलबाईंची, बसस्टॉपजवळ पिठाची गिरणी आहे, वडील ट्रकवर असतात. घरात आधी दोघी बहिणी होत्या. थोरली कस्तुरी एका वर्षानं पुढे. मागच्या शालेय वर्षी दहावीत असताना, पोळ्याच्या आठवड्यात, डेंग्यूनं चार दिवसांत गेली. तिच्या वर्गाचा वर्गशिक्षक मीच होतो.

जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी पलकला थांबवलं. दोन महिने एकाच पाठावर म्हणजे काय? पालथ्या घड्यावर पाणी ओतायला मला पगार मिळत नाही, असंही बहुतेक म्हणालो. तिला बाकावर सरकायला लावलं आणि तिच्या पाटीवर बोट ठेवलं.

प्रश्न नेहमीचाच होता. x² चा आलेख म्हणजे शून्यावर टेकलेली वाटी. पुस्तकात तिला अन्वस्त म्हणतात, आम्ही वाटीच म्हणतो. आता x² ऐवजी (x − 3)² घेतलं तर वाटी कुठं सरकेल? शंभरातली नव्वद पोरं म्हणतात डावीकडे, कारण समोर वजा दिसतो. खरं म्हणजे ती जाते उजवीकडे. वाटीचा तळ असतो जिथं कंस शून्य होतो तिथं, आणि कंस शून्य व्हायला x तीन असावा लागतो. झालं. एवढीशी गोष्ट, पण भल्याभल्यांना चकवते.

वाटीचा तळ सरकवायला सोबत्याचं बोट निघालं. उजवीकडे गेलं, थेट तीनवर. जरासं पुढे जाऊन दोन हलके झटके देऊन मागे आलं. टक, टक. मग थांबलं. सेकंद, दीड सेकंद. आणि मग सावकाश, चिखलातून पाय ओढत जावं तसं, उलटं फिरून डावीकडे वजा तीनवर जाऊन बसलं.

मी बोट उचललं. पाटीनं तोच प्रश्न पुन्हा दिला. उजवीकडे. टक, टक. थांबणं. डावीकडे.

त्या दोन झटक्यांनी माझ्या अंगावर काटा आला. कस्तुरी झाडे कंपासपेटी बाकावर ठेवायची ती दोनदा ठोकून. पट्टी वहीवर लावायची तीही दोनदा ठोकून. “झाडे, दार वाजवतेस का?” म्हणून मी तिला भर वर्गात चिडवलं होतं आणि ती लाजून हसली होती.

पलक माझ्याकडे बघत होती. “सर,” ती म्हणाली, “तिले शिकवू नका.”

“कुणाला?” मी उगाचच विचारलं.

“तुमाले कळलं ना सर. पाच वेळा बरोबर आलं का ते जाईन. म्हणून मी तिले काहीच शिकवत नाही.”

मी तिला घरी जा म्हटलं. ती पाटी छातीशी धरून गेली. मी ऑफिसात जाऊन कंपनीला फोन लावला.

फोनवर एक बाई होत्या, पुण्याकडच्या असाव्यात, फार गोड बोलल्या. तुमच्या गावात नेटवर्क कमी, म्हणाल्या, म्हणून पाटी आधी शाळेतल्याच जुन्या नोंदी तपासते. त्यातलं एखादं वळण मुलाच्या स्वतःच्या वळणाशी फारच जुळलं तर तयार सोबत्याऐवजी तेच वापरते. सख्ख्या बहिणींचं जुळणारच.

“पण जुन्या पोरांच्या नोंदी शाळेत राहतातच कशा?”

“नाहीत राहत, सर. शाळा सोडल्याचा दाखला निघाला की नोंद नव्या कॉलेजला जाते. या मुलीचा दाखला निघालेलाच दिसत नाही. नावही अजून पटावर आहे.”

हे माझं काम. पटावरून नाव कमी करायचं वर्गशिक्षकानं, लाल शाईनं आडवी रेघ मारून, शेऱ्यात कारण लिहून. त्या महिन्यात मी पेन घेऊन तीनदा बसलो होतो आणि तीनदा उठलो होतो. हेडमास्तरांनीही विचारलं नाही. गावात कुणालाच ते नाव खोडायची घाई नव्हती. वर्ष संपलं, बाकीची पोरं दाखले घेऊन पांगली. कस्तुरीचा दाखला न्यायला कोण येणार होतं, आणि कुठं दाखवायला? आम्हाला वाटलं, कागदावर एक नाव राहिलं तर कुणाचं काय बिघडतंय.

“काढून टाकू का, सर?” बाई म्हणाल्या. “एका कमांडचं काम आहे.”

“थांबा,” मी म्हटलं.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी दहावीच्या वर्गात गेलो तर पलकशेजारी बाकावर तिची आई बसलेली. केसांवर, भुवयांवर पिठाची पांढरी झाक. मला बघून त्या उठल्या नाहीत. पदरानं बोट पुसून पुसून स्वच्छ करत होत्या, कारण पीठ लागलेलं बोट काच ओळखत नाही. मग त्यांनी डोळे मिटले आणि बोट स्लायडरवर ठेवलं. बोट उजवीकडे गेलं, दोनदा हललं, थांबलं आणि डावीकडे आलं. त्या कुठंच जोर लावत नव्हत्या. नुसत्या बरोबर जात होत्या, यात्रेत लेकराचं बोट धरून जावं तशा.

“कधीपासून येता?” मी विचारलं.

“दिवाळीपासून. पलकनं सांगतलं. पह्यले मले खरं नाही वाटलं.” डोळे न उघडता त्या बोलत होत्या. “पीठ चाळतानी चाळणीले अशीच दोनदा मारे सर ते.”

मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि मास्तरांना जे एकच काम येतं ते केलं, समजावून सांगितलं. ही कस्तुरी नाही. हे तिच्या बोटाचं समीकरण आहे. हिला तुम्ही कळत नाही, हिला काही आठवत नाही. रेडिओवर गाणं लागलं म्हणून गाणारा घरात येत नाही.

“असंन,” त्या म्हणाल्या. “पण मायाजवळ तिचं दुसरं काय हाय? फोटोले हात लावला तं कागद लागते.”

“शीतलबाई, मार्चमध्ये पलकची बोर्डाची परीक्षा आहे. दोन महिने ती एकाच पाठावर बसून आहे.”

“तिले चुकू द्या ना सर.” मी पलकबद्दल बोलत होतो आणि त्या कस्तुरीबद्दल. “काय बिघडते? चुकू द्या. येवढंच मांगतो.” त्यांनी पुन्हा बोट पुसलं आणि डोळे मिटून घेतले. पलक खिडकीतून बाहेर बघत होती. तासभर दोघी तिथं होत्या, तेवढ्यात आईनं तिच्याकडे मान वळवून एकदाही पाहिलं नाही.

पूर्वपरीक्षा झाली. बीजगणितात पलकला चाळीसपैकी नऊ मिळाले. आलेखाचा प्रत्येक प्रश्न चुकला होता, आणि प्रत्येक उलट्या बाजूला. वाटीचंच नाही, साध्या सरळ रेषासुद्धा.

मी पेपर तिच्यापुढे आपटला. “ताईसाठी पाटीवर चुकतेस ते समजलं. पण पेपरात मुद्दाम चुकायची काय गरज होती?”

“मुद्दाम नाही सर.” तिनं उजवा हात डाव्या हातानं धरला होता. “मी उजवीकडेच नेत होती. पण पेन आपोआपच डावीकडे येते. आता मले बरोबर जमतच नाही.”

ऐकून मी घाबरलो, कारण एव्हाना माझंही तेच होत होतं. फळ्यावर संख्यारेषा काढताना, एसटीत वरचा दांडा धरताना, भाकरी मोडताना, बोटाला ती हलकी ओढ. पोरगी दिवसातून चारचार तास त्या ओढीवर बोट ठेवून बसत होती. तिचं बोट दुसऱ्याचं वळण गिरवत होतं, आणि परीक्षेला पाच आठवडे उरले होते. ही नापास झाली तर काय होणार ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. गिरणीवर एका माणसाची गरज होतीच.

भीती वाटली की मी चिडतो, ही माझी जुनी खोड. “ताई तुझी एवढी हुशार,” मी म्हटलं, “तिला ही चूक आली कुठून? दहा वेळा शिकवलंय मी!”

पलकनं मान वर केली. “ताईले येत होतं सर. ते घरी म्हणे, मले उजवीकडे दिसते, पाटीबी उजवीकडेच दाखवते. पण सर म्हंते डावीकडे. मी म्हटलं, मंग पाटीचं ऐक. तं म्हणे, सर कायले खोटं सांगतीन?”

“मी असं कधीच म्हटलं नाही,” मी ताडकन म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दुपारी एकटा ऑफिसात बसलो आणि कस्तुरीच्या नोंदी उघडल्या. जूनपासून अठरा जुलैच्या सकाळपर्यंत, या प्रकारचे एकेचाळीस प्रश्न. एकेचाळीस वेळा तिचं बोट उजवीकडे गेलं होतं, दोनदा ठोकून तिथंच थांबलं होतं. सगळे बरोबर. त्याच दिवशी चौथ्या तासानंतर पुढच्या प्रत्येक प्रश्नात तेच: उजवीकडे, दीड सेकंद थांबणं, डावीकडे. ती जाईपर्यंत तसंच.

कपाटातून मागच्या वर्षीची टाचणवही काढली. अठरा जुलै, चौथा तास: ‘तपासणी अधिकारी भेट. संख्यारेषा उजळणी.’ आणि सगळं आठवलं. सहावीपासून मी पोरांकडून एक घोष म्हणवून घेतो. वजा डावीकडे, अधिक उजवीकडे, हात हलवत, कवायतीसारखं. पाहुण्यांना फार आवडतो. त्या दिवशी साहेब मागच्या बाकावर बसले होते, पोरं जोरात म्हणत होती, मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होतो. मागून आवाज आला, “सर, पण कंसात वजा असला तं वाटी उजवीकडे जाते ना?” मी वळलोसुद्धा नाही. “वजा म्हणजे डावीकडे. सहावीत झालंय. बस खाली.”

ती बसली. पाटी तिला खरं सांगत होती, तिचे डोळे खरं सांगत होते, आणि तिनं मास्तरांवर विश्वास ठेवला. पुढच्या चाचणीत तो प्रश्न चुकला म्हणून मीच तिला लाल फुली दिली, आणि शेऱ्यात ‘लक्ष दे’ असं लिहिलं. सहा आठवड्यांनी ती गेली. मला शरम वाटत होती. अठ्ठावीस वर्षांत असं आणखी किती जणांना मी खाली बसवलं असेल, त्याची कुठं नोंदच नाही.

खोटं कशाला बोलू, मी फोन हातात घेतला होता. एका कमांडचं काम. बोट जाईल, पलक सुटेल, आणि त्या दीड सेकंदात काय आहे ते कुणाला कधी कळणार नाही. नंबर लावलाही. पलीकडून नमस्कार आला आणि मी काही न बोलता फोन ठेवून दिला. चूक सांगितलीच नाही तर ती दुरुस्त कशी होणार, हेच मी जन्मभर पोरांना शिकवत आलोय.

शनिवारी दोघी आल्या. मी नोंदी आणि टाचणवही दोन्ही बाकावर ठेवली, आणि जे घडलं ते घडलं तसं सांगितलं.

“म्हणून हे डावीकडे येणं आहे ना,” शेवटी मी म्हटलं, “ते कस्तुरीचं नाही. तीनपर्यंत जाते ती कस्तुरी. तिथून मागं ओढतो तो मी.”

शीतलबाईंनी टाचणवहीतल्या तारखेवर बोट टेकवलं. मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली.

“म्हंजे इतके दिवस,” त्या म्हणाल्या, “मी तुमचं बोट धरून बसली होती का सर?”

“अर्ध्या वाटेपासून. हो.”

“अन् म्हणत होती, लेकीले चुकू द्या.” त्यांनी पदर ओढून घेतला, बोट पुसलं, एकदा, दोनदा, नखाच्या कडेपर्यंत. “काय करावं लागते ते सांगा.”

“ती तीनवर पोचली की धरून ठेवा. मागं जाऊ देऊ नका. पलक कारण लिहील.”

पहिल्या खेपेला ओढ इतकी होती की त्यांच्या मनगटाची शीर ताठ झाली. गिरणीच्या पोत्यांना सरावलेला हात, तरी त्याला दुसऱ्या हाताचा आधार द्यावा लागला. पलकनं खाली लिहिलं, ‘कंस शून्य व्हायला x तीन लागतो.’ दुसऱ्या खेपेला तेच. सहाव्या खेपेला थांबणं एक सेकंदावर आलं. अकराव्या खेपेला बोट मागं जायला निघालं आणि आपणहून परतलं. बाराव्या खेपेला पाटीवर एक हिरवा ठिपका उमटला. मदत न घेता, पहिलं बरोबर.

दुसरा ठिपका. तिसरा. चौथा.

शीतलबाईंनी बोट उचललं. पाटीवर पाचवा प्रश्न येऊन थांबला होता, आणि शेवटच्या प्रश्नाला, नियमाप्रमाणे, सोबती समोरच्याचं बोट टेकायची वाट बघत होता.

“आई, राहू दे,” पलक म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता. “मी होतो पास कसंबी. राहू दे.”

“येते तिले,” शीतलबाई म्हणाल्या. “येते तं मंग कायले अडवू?”

त्यांनी बोट ठेवलं. या वेळी डोळे उघडे होते. बोट उजवीकडे गेलं, तीनच्या जरा पुढे, आणि दोन हलके झटके देऊन मागे आलं. टक, टक. मग काही नाही. ते थांबलं नाही की अडखळलं नाही. तिथंच राहिलं. शीतलबाईंचा हात काचेवर नुसता टेकलेला होता, आणि मला शेजारून दिसत होतं की काच आता त्यांना कुठंच ओढत नाहीये.

‘अभ्यास पूर्ण’ अशी अक्षरं आली. त्यांनी ती एकेक जुळवत वाचली.

“गेली?”

“गेली.”

त्यांनी हात मांडीवर घेतला आणि बोट दुसऱ्या मुठीत घट्ट धरलं. त्या रडतील असं मला वाटलं होतं. रडल्या नाहीत. पाटीवर चौथा पाठ उघडला, नव्या सोबत्याचं परकं बोट स्लायडरवर येऊन उतावळेपणानं इकडेतिकडे धावू लागलं. त्या थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. मग मान वळवून शेजारी बघितलं, एखाद्या गोष्टीची अचानक आठवण यावी तसं.

“तुयं कुठवर आलं व?”

पलकनं आधी माझ्याकडे पाहिलं.

“तिसरा पाठ झाला,” ती हळूच म्हणाली. “बाकीचे अकराव्यावर हायत.”

“अकराव्यावर?” शीतलबाईंचा आवाज चढला, गिरणी चालू असताना चढतो तेवढा. “अन् मार्चात परीक्षा? मंग इतके दिवस काय झोपली होती का व? थांब, घरी चाल, तुयी पाह्यतो मी!”

पलक हसायला लागली. हसता हसता तिला हुंदके येऊ लागले तरी थांबेना, तोंडावर हात दाबून बाकावर वाकून हसत रडत राहिली, आणि आई तिला दंडाला धरून गदागदा हलवत आणखीच ओरडत होती. मी वर्गाबाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. ताई गेल्यापासून घरात आपल्यावर कुणी ओरडलंच नव्हतं, असं पलकनं मला पुढे कधीतरी सांगितलं.